जुहूचें मैदान

जुहू म्हटलें म्हणजे बाहेरगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें समुद्राची पुळण, भेळेच्या गाड्या आणि सिनेमांतील नटनट्यांचे बंगले उभे राहतात. पुळणीकडे पाठ करून पूर्वेच्या अंगास थोडें चालत गेलें तर एक लांबच लांब भिंत लागते. वीतभर जमिनीला जेथें सोन्याचें मोल आलें आहे अशा त्या दाट वस्तींत, भिंतीच्या पलीकडे नुसतें गवत आणि डांबरी धांवपट्ट्या असलेलें मोकळें मैदान पाहून नवख्या माणसास नवल वाटल्यावांचून राहात नाहीं. हेंच जुहूचें विमानतळ. १९२८ सालीं येथून विमानें उडूं लागलीं, आणि सांताक्रूझचें मोठें विमानतळ प्रवाशांसाठीं खुलें होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षें, मुंबईचें आकाशाकडील दार हेंच होतें.

माझे एक स्नेही विलेपार्ल्यास राहतात. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून हें सारें मैदान तबकांत मांडून ठेवल्यासारखें दिसतें. गेल्या पौषांत दोन दिवस मी त्यांच्याकडे होतों, आणि दोन्ही दिवशीं पहाटेचा चहा आम्हीं गच्चीवरच घेतला. उजाडतांच हेलिकॉप्टरांची ये-जा सुरू होते. किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटर आंत समुद्रांत असलेल्या तेलविहिरींवर कामाला जाणारी माणसें येथूनच निघतात. एखाददुसरें छोटें विमान मैदानाच्या कडेस उभें असतें. अवाढव्य विमान मात्र येथें यावयाचें नाहीं. दोनदां आलें तें चुकून. १९५३ च्या जुलैमध्यें एका इंग्रज कंपनीचें ‘कॉमेट’ जातीचें जेट विमान, आणि १९७२ च्या सप्टेंबरांत एक जपानी डीसी-८ विमान, अशीं दोन धुडें शेजारचें सांताक्रूझ समजून या मैदानांत उतरलीं. पहिलें कांहीं दिवसांनीं उडवून नेतां आलें. दुसरें धांवपट्टी संपून पुढें गेलें आणि निकामी झालें. “हें मैदान लहानांचें आहे,” माझे स्नेही म्हणाले, “मोठ्यांना तें मानवत नाहीं.”

आतां मी जुहूस गेलों तो कांहीं हेलिकॉप्टरें मोजावयास नव्हे. आमच्या घरांत वर्षभर एक वाद चालला होता, आणि त्या वादाच्या पायीं मला हा प्रवास घडला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असले वाद निरनिराळ्या निमित्तांनीं होत असतील, म्हणून तो थोडक्यांत सांगतों.

माझी पुतणी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या, पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं जेवणाच्या पंक्तींत तिनें सांगून टाकलें, “मला विमान चालवायला शिकायचं आहे.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. आमटीची पळी वहिनींच्या हातांत तशीच राहिली. आमच्या घराण्यांत वकील झाले, शिक्षक झाले, दोघे डॉक्टर झाले, एक जण तर संस्कृताच्या व्यासंगासाठीं जन्मभर काशीस राहिला. परंतु माडाच्या शेंड्याहून उंच जाऊन कोणीं पोट भरल्याची नोंद आमच्या कुलवृत्तान्तांत नाहीं. आईची पहिली शंका पोषाखाविषयीं होती. १९३६ सालीं लाहोरास सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या बाईंनीं साडी नेसून एकटीनें विमान उडविलें होतें, असें मीं तिला सांगितलें. त्यानें तिचें समाधान झालें, किंबहुना “मग हिला तरी पाटलोण कशाला हवी?” अशी नवीच शंका तिनें काढली.

दादांचा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वैमानिक म्हणून नोकरी करावयाची तर परवान्यासाठीं २०० तास उड्डाण करावें लागतें, आणि त्यांतल्या प्रत्येक तासाचें पेट्रोल, विमानाचें भाडें आणि शिक्षकाचें वेतन ज्याचें त्यानें भरावयाचें असतें. पहिले कांहीं तास वहिनींच्या पाटल्यांवर निघाले. पुढच्या तासांसाठीं गुहागरकडील आमची कलमांची बाग विकण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता. आमच्या आजोबांनीं कातळ फोडून, डोक्यावरून माती वाहून ती बाग उभी केली, आणि तिचीं पहिलीं फळें हातांत पडेपर्यंत त्यांचे केस पांढरे झाले होते. दादा म्हणत, “बाग कोणासाठीं ठेवायची, हा प्रश्न नाहीं. मुलीसाठींच जायची तर जाऊं दे. पण हें किती दिवसांचं आहे, हें मला कोणी तरी सांगा. लहानपणीं हिला सतार हवी होती. सतार माळ्यावर आहे.” सतारीचें उदाहरण बिनतोड होतें, कोणालाच उत्तर सुचेना. अखेर आई म्हणाली, “घरांत बसून काय कळणार? ती धुळ्याला काय करते तें एकानं जाऊन डोळ्यांनीं बघून या.” आणि सेवानिवृत्त असल्यामुळें ही कामगिरी माझ्याकडे आली.

पुण्याहून धुळ्यास जाणाऱ्यानें मुंबईला वळसा घालण्याचें कारण नाहीं. परंतु दादांचा प्रश्न माझ्या मनांत घोळत होता. विमान उडविण्याची आवड माणसाला जन्मभर पुरते कीं नाहीं, याचा पुरावा जुहूच्या मैदानाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठें मिळणार नाहीं, असें मला वाटलें. कारण जहांगीर रतनजी दादाभाई टाटा उडावयास शिकले ते येथें, आणि शिकल्यावर त्रेपन्न वर्षांनीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, एकटे विमान हांकीत येऊन उतरले तेही येथेंच.

टाटांच्या उद्योगांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला सांगावयाचें आहे तें त्यांच्या या एका छंदाविषयीं. त्यांचा जन्म १९०४ सालीं पॅरिस येथें झाला. आई फ्रेंच. उन्हाळ्यांत हें कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नांवाच्या गांवीं राहावयास जाई. तेथें शेजारीं लुई ब्लेरिओ याचें घर होतें. इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी १९०९ च्या जुलैमध्यें प्रथम विमानानें ओलांडली ती याच ब्लेरिओनें. त्याचा पेगू नांवाचा वैमानिक आर्देलोच्या पुळणीवर विमान उतरवी, आणि तें पाहावयास धांवणाऱ्या पोरांत हा टाटांचा मुलगा असे. पंधराव्या वर्षीं त्याच गांवीं त्याला विमानांत बसून एक फेरी मारावयास मिळाली, आणि आपण उडावयाचें हें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें.

येथपर्यंत सारें आमच्या पुतणीच्या सतारीसारखेंच आहे. लहान मुलाला कांहीं तरी आवडतें, तें मागतें आणि विसरतें. मला विशेष वाटतें तें पुढील दहा वर्षांचें. या दहा वर्षांत विमानाला हात लावण्याची सोय नव्हती. मध्यें फ्रेंच सैन्यांत एक वर्ष चाकरी झाली. १९२५ च्या अखेरीस हिंदुस्थानांत येऊन घराण्याच्या पेढींत उमेदवारी सुरू झाली. १९२६ त वडील वारले आणि कुटुंबाचा भार अंगावर आला. अशा स्थितींत पंधराव्या वर्षींची हौस सहज विरून गेली असती, आणि तिला कोणीं नांवही ठेवलें नसतें. परंतु १९२८ सालीं बाँबे फ्लाइंग क्लब निघाला आणि जुहूस शिक्षण मिळूं लागलें, तेव्हां ही स्वारी तेथें हजर. चार तासांहून कमी शिकवणीवर त्यांनीं एकट्यानें उड्डाण केलें, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांच्या हातीं परवाना पडला त्यावर क्रमांक होता १. हिंदुस्थानांत देण्यांत आलेला तो पहिलाच परवाना.

“त्यांना काय, पैसा होता,” माझे स्नेही चहाचा पेला खालीं ठेवीत म्हणाले. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यांत अर्थ नाहीं. टाटांना बाग विकावी लागली नाहीं. तथापि ही प्रीति केवळ धनिकांनाच जडते असें मात्र नाहीं, याची साक्ष पुढच्याच वर्षीं मिळाली. १९३० सालीं आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. इंग्लंडहून हिंदुस्थानांत किंवा हिंदुस्थानांतून इंग्लंडला, एक महिन्याच्या आंत, एकट्यानें विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास तें मिळावयाचें होतें. टाटा कराचीहून निघाले. उलट दिशेनें अस्पी इंजिनियर नांवाचा सतरा वर्षांचा पोरगा निघाला होता. त्याचे वडील रेल्वेंत नोकरीला होते. वाटेंत ईजिप्तमधील अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीच्या विमानाचा एक स्पार्क प्लग बिघडला होता आणि त्याच्यापाशीं जादा नव्हता, म्हणून तो अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचा प्लग काढून दिला; त्यानें आपलें तरंगण्याचें जाकीट यांना दिलें. आणि मग काय, अस्पी कांहीं तासांच्या फरकानें आधीं पोंचला आणि बक्षीस घेऊन गेला! पुढें हाच अस्पी भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्यास प्लग देण्यांत औदार्य होतें हें उघड आहे. परंतु मला वाटतें, त्यांत आणखीही कांहीं होतें. ज्याला उडण्याचीच गोडी आहे त्याला दुसऱ्याचें विमान जमिनीवर खिळून पडलेलें पाहवत नसावें.

१५ ऑक्टोबर १९३२ ची हकीकत पुष्कळांस माहीत आहे, पण तें विमान केवढेंसें होतें याची कल्पना फार थोड्यांस असेल. ‘पस मॉथ’ म्हणजे मांजरपतंग या नांवाचें तें विमान. एकच इंजिन, त्याची शक्ति सुमारें १२० घोड्यांची; आजकाल एखाद्या मध्यम मोटारगाडीलाही तेवढी असते. पंख लांकडाचे, त्यांवर कापड ताणून बसविलेलें. आणि जागा कमी पडली तर ते पक्ष्यासारखे मिटून मागें घेतां येत. मार्ग दाखविणारें कोणी नव्हतें. नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन यांवर भिस्त. सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं टाटा कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून २५ किलो टपाल घेऊन निघाले. कच्छच्या रणाची बाजू टाकून अमदाबादेस उतरले. तेथें पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले. तें भरून झाल्यावर किनाऱ्याच्या अनुरोधानें दक्षिणेस, आणि दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूस. हिंदुस्थानांतील एका मोठ्या विमानकंपनीचा जन्म तो हा. एका टोंकाला बैल आणि दुसऱ्या टोंकाला विमान, असें तें चित्र आहे. येथून पुढें तें टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेलें तें नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकानें. टपालाच्या सेवेची मूळ कल्पना त्याचीच होती.

पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. तेव्हां टाटांचें सारें बिऱ्हाड, म्हणजे दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन यंत्रकामगार, पुण्यास हलत असे, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर विमानें उतरत. आमची आई सांगते कीं, तिच्या सासऱ्यांनीं, आमच्या आजोबांनीं, एका श्रावणांत भिजत जाऊन तें टपालाचें विमान उतरतांना पाहिलें होतें. “मामंजी म्हणायचे, उतरतांना तें कावळ्यासारखं वाकडं उतरलं.” बाग लावणारे आजोबा ते हेच. मला हें इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतें. पुतणीच्या निमित्तानें आईनें तें प्रथम सांगितलें. दादाही ऐकत होते, पण कांहीं बोलले नाहींत.

कंपनी वाढली. १९४६ त तिचें ‘एअर-इंडिया’ झालें, १९५३ त ती सरकारनें घेतली, तरी १९७८ पर्यंत टाटाच तिचे अध्यक्ष राहिले. (२०२२ च्या जानेवारींत ती पुनः टाटांच्या घराण्याकडे आली, पण तें पाहावयास ते नव्हते, १९९३ त जिनीव्हा येथें त्यांचें निधन झालें.) अशा मनुष्यानें मोठमोठ्या जेट विमानांत पहिल्या रांगेंत बसून स्वस्थ प्रवास करावा. तसा ते करीतही, आणि वही काढून पडद्यांचा रंग, चहाची चव यांविषयीं बारीकसारीक टिपणें ठेवीत. त्या टिपणांचें पुष्कळांस हंसूं येतें. मला त्यांत लहान विमानाचा वैमानिक दिसतो. ज्याचें आयुष्य एका स्पार्क प्लगवर लोंबकळलें आहे, त्याला क्षुल्लक अशी वस्तूच दिसत नाहीं.

१९६२ सालीं, पहिल्या उड्डाणास तीस वर्षें झालीं म्हणून, त्यांनीं पुनः कराचीहून जुहूपर्यंत लहान विमान आणलें. त्या वेळीं वय ५८. आणि १९८२ सालीं, पन्नास वर्षें झालीं तेव्हां, पुनः एकदां. पस मॉथ मिळालें नाहीं, म्हणून त्याच वंशांतील ‘लेपर्ड मॉथ’ जातीचें जुनें विमान शोधून, डागडुजी करून घेतलें. वय ७८. माझे स्नेही त्या वेळीं कॉलेजांत होते. त्यांनीं वर्ग बुडवून रस्त्याच्या कडेला उभें राहून तें उतरतांना पाहिलें. ते म्हणाले, “मोठें विमान येतं तेव्हां आधीं आवाज येतो. हें आधीं दिसलं. उत्तरेकडे एक ठिपका, मग पंख, मग शिवणयंत्रासारखा आवाज. टेकलं तें इतकं हळूं, कीं आमच्यापैकीं कोणाला टेकल्याचं कळलंच नाहीं. पुढं थोडं धांवलं तेव्हां समजलं.” तरुणांनीं कांहीं तरी साहस करावें, त्यांच्या अंगीं पूर्वींचा उत्साह पुनः यावा, हा हेतु टाटांनीं त्या उड्डाणाच्या वेळीं बोलून दाखविला होता. तो खराच असेल. पण पन्नास वर्षांत दुसरें कांहीं साहस त्यांना सुचलें नाहीं असें थोडेंच आहे? जें पुनः पुनः करावेंसें वाटतें, त्याला माणूस कारण शोधीतच असतो.

जुहूवर आतां विद्यार्थी फारसे दिसत नाहींत. एका अंगाला सांताक्रूझची वर्दळ, खालीं सभोंवार इमारती. शिकाऊ माणसानें गिरक्या घ्यावयाच्या तरी कोठें? म्हणून बाँबे फ्लाइंग क्लबानें उड्डाणाचें शिक्षण खानदेशांत धुळ्यास नेलें आहे. ज्या क्लबांत टाटा शिकले त्याच क्लबांत आमची पुतणी शिकत होती. तिसऱ्या दिवशीं मी नाशिकवरून जाणारी एस. टी. धरली.

धुळें म्हटलें म्हणजे आमच्या पिढीच्या माणसाला प्रथम इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. त्यांचा शेवट येथें झाला आणि त्यांचे कागद येथल्या संशोधन मंडळांत आहेत. दुसरी आठवण येथल्या तुरुंगाची. विनोबांनीं गीतेवरील प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं तीं या तुरुंगांत, आणि तीं १९३२ सालींच; म्हणजे टाटा उडाले त्याच वर्षीं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, पण लळिंगचा किल्ला डावी-उजवीकडे लपंडाव खेळत जवळ येत असतां एस. टी.च्या खिडकींत माझ्या मनांत त्या शेजारीं शेजारीं येऊन बसल्या खऱ्या.

विमानतळ गांवाबाहेर गोंदूरच्या बाजूस आहे. जुहूचा दिमाख तेथें नाहीं. एक धांवपट्टी, एक मोठी पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी, आणि भोंवतीं कपाशीचीं शेतें. पुतणी फाटकाशीं उभी होती. “काका, नीट आलांत ना?” म्हणून तिनें वाकून नमस्कार केला, आणि मीं पाहिलें तर हात कोपरापर्यंत काळे. मला वाटलें, पडली कीं काय. तसें कांहीं नव्हतें. गेले अकरा दिवस तिचें उड्डाणच झालें नव्हतें. कांहीं दिवस धुकें होतें, आणि नंतर तिचें विमान दुरुस्तीस उघडून ठेवलें होतें. बाकीचीं मुलें या सुटींत घरीं जाऊन आलीं. ही मात्र रोज पहाटे येऊन यंत्रकामगारांपाशीं बसे, त्यांना पाने देई, सुटे भाग पुसून ओळीनें मांडी. त्या कामाचे तिला पैसे मिळत नव्हते. तास तर मुळींच मोजले जात नव्हते. “घरीं कां नाहीं आलीस?” मीं विचारलें. ती म्हणाली, “काका, इंजिन आंतून केव्हां बघायला मिळणार?”

दुसऱ्या दिवशीं धुकें नव्हतें. विमान बाहेर काढलें तें ढकलून. दोन मुलें सहज ढकलतात इतकें तें हलकें असतें. सेसना जातीचें, वर पंख, एकच इंजिन. उडण्यापूर्वीं त्याची जी तपासणी होते ती मीं जवळून पाहिली आणि मला देवपूजेची आठवण झाली. क्रम चुकावयाचा नाहीं, कांहीं गाळावयाचें नाहीं. पंखाखालून कांचेच्या पेल्यांत थोडें पेट्रोल काढून तिनें उजेडासमोर धरलें. या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो, म्हणजे तें ओळखूं येतें. आणि त्यांत पाणी शिरलें असेल तर तें जड म्हणून तळाशीं वेगळें दिसतें. मग तेलाची कांडी, पंख्याच्या पात्यांवरून हात, शेपटाच्या सुकाणूचे खिळे. माझ्याशीं एक शब्द नाहीं. मी तिचा काका आहें हें ती त्या वेळीं विसरली असावी.

शिक्षकाला शेजारीं घेऊन तिनें तीन फेऱ्या मारल्या. धांवपट्टीवरून उडावयाचें, सुमारें हजार फुटांवर जाऊन चौकोनी वळसा घालावयाचा, आणि पुनः त्याच टोंकाला येऊन टेकावयाचें. तिसऱ्या फेरीनंतर विमान कडेला थांबलें, दार उघडलें आणि शिक्षक खालीं उतरून चालूं लागले. मला वाटलें, शिकवणी आटोपली. ते माझ्याशेजारीं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आतां ती एकटी जाईल. आम्ही आधीं सांगत नाहीं.”

ह्या दहा मिनिटांविषयीं मीं घरीं अनेकदां सांगितलें आहे, आणि दर वेळीं तें निराळें सांगितलें जातें असें मंडळींचें म्हणणें आहे. एवढें मात्र निश्चित, कीं एका माणसाचें वजन कमी झाल्यामुळें विमान अपेक्षेपेक्षां लवकर जमीन सोडून वर उठलें, आणि मी “अरे” म्हणालों. मग तें लळिंगच्या बाजूला लहान होत गेलें. आवाज थांबल्यासारखा झाला, पुनः आला. शिक्षक आकाशाकडे पाहात नव्हते. ते त्या कापडी पिशवीकडे पाहात होते. शेवटच्या वळणावर विमान एका अंगाला कललें, तेव्हां मला आजोबांचा कावळा आठवला. तें सरळ झालें, उतरत आलें, टेकलें, एकदां हलकेंच उसळलें आणि पुनः टेकलें. शिक्षक म्हणाले, “उसळलं. पण आवरलं.”

प्रघाताप्रमाणें मुलांनीं तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलें. थंडीचे दिवस, ती कुडकुडत हंसत होती. मग सगळे चहाला गेले. ती एकटी फडकें घेऊन परत विमानापाशीं गेली आणि समोरच्या कांचेवर चिकटलेले किडे पुसूं लागली. मी पाहतों आहें हें तिला ठाऊक नव्हतें.

सायंकाळीं घरीं दूरध्वनि केला. आईला आधीं दिला. “एकटी उडाली,” मीं सांगितलें. “जेवली का नंतर?” आईनें विचारलें. मग दादा आले. मीं सारें सांगितलें: अकरा दिवस, काळे हात, निळें पेट्रोल, किडे. शेवटीं उडण्याचें सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मला वाटलें, संबंध तुटला. मग त्यांचा आवाज आला, “बागेचा सात-बाराचा उतारा तुझ्या कपाटांत आहे कीं माझ्या?”